भट्टीचा माल तीनदा कालवला

पहिली भट्टी तीन महिन्यांत गेली. पडली नाही, खिरली. पावाच्या बुडाला कचकच लागायला लागली तेव्हा आधी पिठाचाच संशय आला, गिरणीवाल्याशी भांडूनही आले. मग एका संध्याकाळी आत बॅटरी मारून बघितलं, तर विटांमधले सांधे मऊ झालेले. नख फिरवलं की रांगोळीसारखे झरत होते.

आमचं घर पन्हाळ्याच्या पायथ्याला. परसात पाव भाजायला घुमटाची भट्टी बांधायचं माझं जुनं खूळ. विटा चांगल्या आणल्या होत्या, नऊ बाय साडेचार बाय तीन इंची फायरब्रिक, म्हणजे जाळ सोसणाऱ्या विटा. पण गवंड्याने त्या नेहमीच्या वाळू-सिमेंटात लावल्या. मी विचारलं होतं. तो म्हणाला, "वैनी, शिमिट दगडाला धरतंय, इटंला का न्हाई धरनार?" मला ते पटलं, म्हणजे चूक दोघांची.

साधं सिमेंट पाण्याने घट्ट होताना त्यात चुना तयार होतो. साधारण 450 अंशांच्या आसपास हा चुना आपलं पाणी सोडून देतो. भट्टी निवली की हवेतला ओलावा ओढून परत फुगतो. कळीचा चुना पाण्यात टाकल्यावर कसा फुलून फुटतो, तोच प्रकार, फक्त सावकाश. घुमटाच्या आत तापमान तिथवर जातंच.

भट्टी उतरवली, विटा खरवडून ठेवल्या आणि शिरोली एमआयडीसी गाठली. कोल्हापूर फाउंड्रीवाल्यांचं, म्हणजे लोखंडाचं ओतकाम करणाऱ्यांचं, त्यामुळे भट्टीचं सामान तासाभराच्या अंतरावर मिळतं. दुकानदाराने विचारलं, "किती डिग्रीचा माल पाहिजे?" मी सगळ्यात मोठा आकडा सांगितला. महाग ते चांगलं, मोठा आकडा तो टिकाऊ, असं आपलं गणित. फायरक्लेचं, म्हणजे जाळ सोसणाऱ्या मातीचं, एक पोतं घेऊन आले.

यावेळी शहाणपणा एवढाच केला, की आधी दोनच विटा चिकटवून बघितल्या. दोन दिवस वाळवल्या, सासूबाईंच्या चुलीत तासभर निखाऱ्यात ठेवल्या. निवल्यावर वरची वीट उचलली तर बिस्किटावरून बिस्किट उचलावं तशी अलगद आली. खाली नुसती पिवळी भुकटी.

परत शिरोली. दुकानात एक वयस्कर गृहस्थ बसले होते, हयातभर कपोल्याला, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीला, आतून विटांचं लाइनिंग केलेले. माझी विटांची जोडी बघून त्यांनी विचारलं, "ताई, तुमची भट्टी तापते किती?" म्हटलं, चारशे, फार तर साडेचारशे. ते हसले. "मग ह्यो माल तुमच्याकडं जन्मभर कच्चाच राहणार. कपोल्यात लोखंडाचं पाणी होतंय, तितं ह्यो भाजून इटंसंगट एकजीव होतो. तुमच्यात नुसता वाळतोय."

कुंभाराचं न भाजलेलं मडकं, दुसरं काय! पोत्यावरचा आकडा माल किती उष्णता सोसेल ते सांगतो. तो घट्ट कशाने होणार, हे त्यात नसतं, आणि मी नेमकं तेच विचारलं नव्हतं. त्यांनी आणखी दोन प्रकार दाखवले. एक हवेत घट्ट होणारा, सोडियम सिलिकेटचा, पातळ सांध्याला झकास. पण नीट तापेपर्यंत तो पाण्याने सुटू शकतो, आणि आमच्याकडचा पाऊस पत्र्याखालीही आडवा येतो. दुसरा हाय अ‍ॅल्युमिना सिमेंटचा, पाण्यानेच घट्ट होणारा, भाजायची वाट न बघणारा. तो घेतला.

गवंडी तोच बोलावला. मी चहा टाकायला आत गेले आणि त्याने सकाळी न्हाणीच्या कट्ट्याला वापरलेल्या घमेल्यातच नवा माल कालवला. कडेला साध्या सिमेंटचा ओला थर तसाच. कप घेऊन बाहेर आले तर थापी मालात उभी. ओढली तर घमेलं बरोबर उचललं गेलं! ही दोन सिमेंटं एकत्र आली की बघता बघता दगड होतात. गवंडी म्हणाला, "वैनी, ह्ये भुताटकीचं हाय."

त्यानंतर घमेलं, थापी, बादली सगळं घासून घेतलं. माल दोन-तीन किलोच्या वर एकदम कालवायचा नाही, वीट आधी पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की उचलायची. कोरडी वीट मालातलं पाणी पिऊन टाकते. सगळ्यात जड गेला सांधा. दोन-तीन मिलिमीटरच ठेवायचा होता, पण गवंड्याचा हात अर्ध्या इंचाला बसलेला. जाड सांधा वाळताना आकसतो आणि तडकतो. घुमटाला बाहेरून फटी रुंदावतात, तिथे नुसता माल न कोंबता विटेच्या कपच्या ठोकल्या.

एक दिवस ओली पोती घातली, आठवडाभर सावलीत वाळवली. मग पहिल्या दिवशी मूठभर काटक्या, दुसऱ्या दिवशी थोड्या जास्त, असं सात दिवस. तिसऱ्या दिवशी घुमटाच्या बाहेरून पाण्याचे थेंब ओघळायला लागले, भट्टीला घाम फुटल्यासारखे. एवढं पाणी विटांत होतं. घाईने जाळ केला असता तर त्याचीच वाफ होऊन सांधे उडाले असते.

वरचं लिंपण सासूबाईंनी केलं. तांबडी माती, शेण आणि भाताचं तूस, चूल घालतात तोच चिखल, दोन दिवस मुरवून पायाने तुडवलेला. तुसाने मातीत बारीक पोकळ्या राहतात आणि त्या आतली ऊब धरून ठेवतात. एवढी धावपळ करून मी माल आणला, आणि त्यांची चूल कुठल्याच मालाशिवाय उभी आहे, हे त्यांनी दोनदा ऐकवलं.

एक चूक राहिलीच. दाराची लोखंडी चौकट विटांत घट्ट बसवली. लोखंड विटेपेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे महिन्याभरात कोपऱ्यातून केसाएवढी चीर गेली. चौकट काढून भोवती बोटाच्या अर्ध्या पेराएवढी फट ठेवली, तिच्यात सिरॅमिक फायबरची, जाळात न जळणारी दोरी भरली. चीर आहे तेवढीच आहे, सासूबाई राख-मातीचं बोट फिरवतात.

उरलेलं अर्धं पोतं पडवीत होतं. जूनमध्ये हवेच्या ओलीनेच त्याचा धोंडा झाला. आता त्यावर कपडे आपटतो.