रजोनिवृत्ती आणि इस्ट्रोजेनचा पॅच : माझा अनुभव

पाळी थांबून वर्ष उलटले तरी छातीतून उठून चेहऱ्यापर्यंत चढणाऱ्या वाफा काही थांबेनात. दिवसा मी त्या निभावून नेत असे. रात्री मात्र दोनदा तरी घामाने भिजलेला गाऊन बदलावा लागे आणि पुन्हा डोळा लागेपर्यंत उजाडत असे.

तरीही स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला मी टाळाटाळ केली, कारण या त्रासावर हार्मोन देतात आणि हार्मोन म्हणजे स्तनांचा कर्करोग हे समीकरण डोक्यात पक्के बसले होते. डॉक्टरांनी ती भीती उडवून लावली नाही. २००२ साली अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासाचा हार्मोन देऊन पाहण्याचा एक भाग स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसल्याने मुदतीआधीच थांबवला गेला आणि तेव्हापासून ही धास्ती पसरली. परंतु त्यातील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, आणि साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून १० वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास बहुतेक निरोगी स्त्रियांना तोट्यापेक्षा फायदा अधिक होतो, असे त्यांनी समजावले. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखे हार्मोन अशी दोन्ही एकत्र जितकी वर्षे घ्यावीत तितका स्तनांच्या कर्करोगाचा धोका थोडा वाढतो, हेही त्यांनी लपवले नाही. रक्तात गुठळी, यकृताचा विकार, अकारण रक्तस्राव यांपैकी काही झाले होते का, हे विचारून त्यांनी रक्तदाब पाहिला आणि मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, करून घेतली.

त्वचेतून जाणारे इस्ट्रोजेन थेट रक्तात मिसळते. गोळीप्रमाणे ते आधी यकृतातून जात नसल्यामुळे गुठळीचा धोका कमी राहतो. म्हणून मला २५ मायक्रोग्रॅमचा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची औषधी पट्टी, मिळाला, आठवड्यातून दोनदा बदलायचा. माझे गर्भाशय काढलेले नसल्याने त्याचे अस्तर फाजील वाढू नये यासाठी रोज रात्री प्रोजेस्टेरॉनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूलही सुरू झाली. तिने गुंगी येते, जी माझ्या तर पथ्यावरच पडली.

पहिला पॅच मी आंघोळीनंतर अंगाला क्रीम चोपडून लगेच लावला; सकाळी तो गुंडाळी होऊन गाऊनच्या अस्तराला चिकटलेला सापडला. त्यानंतर कोरड्या त्वचेवर, कमरेखाली, दर वेळी जागा बदलून आणि तळव्याने नीट दाबून लावू लागले. दोन महिन्यांत घाम थोडाच कमी झाला, तेव्हा मात्रा ५० वर नेली आणि तिसऱ्या आठवड्यात मी प्रथमच सलग झोपले. मध्यंतरी पाळीसारखे रक्ताचे डाग दिसू लागल्याने जीव घाबरला. सुरुवातीच्या काही महिन्यांत असे होऊ शकते, पण सहा महिन्यांनंतरही चालू राहिले तर तपासावे लागते, असे आधीच सांगितलेले असल्यामुळे मी तारखा टिपून ठेवल्या. चौथ्या महिन्यात ते थांबले.

योनीचा कोरडेपणा मात्र पॅचने पुरेसा गेला नाही. संकोचापायी ही तक्रार मी सर्वांत शेवटी सांगितली. त्यावर कमी मात्रेचे इस्ट्रोजेनचे मलम वेगळे मिळते, हे तेव्हा कळले.