झपाटलेल्या घरांची वही: सहावं घर

यादीतल्या बारापैकी सहावा सिनेमा शनिवारी झाला. निम्मी वही भरली. नव्याने वाचणाऱ्यांसाठी अटी पुन्हा सांगते. सिनेमा सगळ्या घरादाराने मिळून बघावा अशा बेताने केलेला हवा, आणि त्यात झपाटलेलं असायला हवं ते घर. तात्या विंचू म्हणूनच यादीत नाही. माझा लाडका आहे तो, पण 'झपाटलेला'मध्ये (१९९३) झपाटतं ते बाहुलं, घर बिचारं निर्दोष.

प्रेक्षक तेच: दहा वर्षांची भाची, सात वर्षांचा भाचा, आणि आई, जी पहिल्या पंधरा मिनिटांत डुलक्या काढते आणि तरी शेवट बरोबर ओळखते.

मोजमापं दोन. पहिली मोरी-चाचणी: सिनेमा संपल्यावर मुलं मागच्या मोरीपर्यंत एकटी जातात का. दुसरं माझं स्वतःचं खूळ. सिनेमा संपला की चौकटीच्या वहीत त्या घराचा नकाशा काढायचा, आठवेल तसा, परत न बघता. जिना कुठून चढतो, तळघराचं दार कुठे, कोणती खोली कोणत्या खोलीत उघडते. हे खूळ निव्वळ गंमत म्हणून सुरू केलं होतं. आता मला वाटायला लागलंय की दोन्ही मोजमापं एकच गोष्ट सांगतात.

पाचव्या घराची नोंद राहिली होती, ती आधी उरकते. 'द हॉन्टेड मॅन्शन', २००३, दिग्दर्शक रॉब मिन्कॉफ, आणि घरं विकणाऱ्या दलालाच्या भूमिकेत एडी मर्फी. मोरी-चाचणीत नापास. मुलं हसत हसत गेली आणि हसत परत आली. गंमत म्हणजे मालमसाला सगळा अस्सल आहे. नावं पडद्यावर येत असतानाच विषप्रयोग आणि गळफास उरकून घेतात, तोही डिस्नेच्या सिनेमात! रंगभूषाकार रिक बेकरने केलेली थडग्यातली प्रेतं तर कुठल्याही मोठ्यांच्या भयपटात शोभली असती. पण मर्फीचं तोंड बंद होत नाही. भीती जरा कुठे बाळसं धरतेय तोवर एक विनोद येतो आणि आपल्याला हाताला धरून बाहेर अंगणात आणून सोडतो. अपवाद एकाच प्रसंगाचा. मुलाला कोळ्यांची जबर भीती आहे, बाप आणि बहीण थडग्यात अडकलेत, आणि दार फक्त तोच उघडू शकतो. पण दारावर कोळी आहेत. तिथे माझ्या भाच्याने पाय वर घेतले. भूत नाही, प्रेत नाही, एक दार आणि त्यावरचे कोळी. नकाशाही तेवढ्या दाराचाच निघाला. बाकी वाड्याच्या जागी माझ्या वहीत सुट्या चौकोनांचा पसारा आहे.

त्याचं कारण शोधताना वाड्याच्या मूळ पिठापर्यंत गेले. हा सिनेमा डिस्नेलँडमधल्या त्याच नावाच्या पाळण्याच्या सफरीवरून केलेला आहे. पाळणा म्हणजे आपला जत्रेतला नव्हे. एकेका काळ्या खुर्चीत बसवून अंधारातून फिरवून आणणारा. बाहेरचा वाडा १९६३ मध्ये उभा राहिला, आणि आत लोक गेले ते १९६९ मध्ये. मधल्या काळात भुतं घाबरवणारी असावीत की हसवणारी, यावर कलाकारांचं एकमत होत नव्हतं. क्लॉड कोट्स पार्श्वदृश्यं रंगवणारा माणूस, त्याला ओसाड, लांबच लांब दालनं हवी होती. मार्क डेव्हिस पात्रं रेखाटणारा, त्याला गमती हव्या होत्या. शेवटी दोघांचंही ठेवलं. सुरुवातीला कोणीच दिसत नाही: न संपणारं दालन, आतून कोणीतरी ढकलतंय असं वाटणारी फुगणारी दारं. नंतर भुतं दिसायला लागतात, नाचतात, गातात, आणि स्मशानात शेवट होतो तो मेजवानीने. नाचघरातली पारदर्शक भुतं ही तर १८६२ची लंडनच्या रंगमंचावरची जुनी करामत, पेपर नावाच्या माणसाची: मोठी काच तिरकी लावायची, लपवलेल्या माणसावर उजेड पाडायचा, प्रतिबिंब रंगमंचावर.

सिनेमाने यातला फक्त डेव्हिसचा वाटा उचलला, असं माझं मत. कोट्सची रिकामी दालनं राहून गेली. आणि नकाशा काढायचा असतो तो दालनांचा. गमतींचा कसा काढणार?

आता सहावं घर. 'मॉन्स्टर हाउस', २००६. गिल केननचा पहिला मोठा सिनेमा, पाठीशी निर्माते म्हणून स्पीलबर्ग आणि झेमेकिस हे दोन बडे दिग्दर्शक. अॅनिमेशन आहे, पण नटांच्या हालचाली टिपून केलेलं. याच तऱ्हेने झेमेकिसने दोन वर्षं आधी केलेल्या सिनेमातली माणसं मला मेणाची वाटली होती, म्हणून धास्ती होती. पण इथे चेहरे मुद्दाम लाकडी खेळण्यांसारखे ठेवलेत, त्यामुळे डोळ्यांना खुपत नाहीत.

गोष्ट सरळ आहे. समोरच्या घरातला खवट म्हातारा नेबरक्रॅकर आपल्या हिरवळीवर पडलेली प्रत्येक वस्तू जप्त करतो. तीनचाकीवरून आलेल्या चिमुरडीची तर सायकलच मोडतो. मग एके दिवशी डीजे नावाच्या मुलावर ओरडता ओरडताच छातीत कळ येऊन तो त्याच्याच अंगावर कोसळतो. रुग्णवाहिका त्याला घेऊन जाते. पोरगं समजतं, आपण माणूस मारला. त्या रात्री फोन वाजतो, पलीकडे कोणी बोलत नाही. डीजे उलटा फोन लावतो, आणि घंटी वाजते समोरच्या रिकाम्या घरात.

इथे आई जागी झाली. नोंद करून ठेवतेय, कारण सहा सिनेमांत हे पहिल्यांदा घडलं.

या प्रसंगात काय आहे? रस्ता, दोन खिडक्या, एक घंटी. रक्ताचा थेंब नाही, भूत नाही. पण आपण कुठे उभे आहोत आणि ते कुठे आहे, हे अंतर आपल्याला पक्कं ठाऊक आहे. मध्ये फक्त रस्ता.

पुढे घर तोंड उघडतं तेव्हा ते नुसतं घाबरवणारं सजावटीचं घर राहत नाही, त्याला अवयव फुटतात. पायऱ्यांच्या फळ्या दात, दारातला गालिचा जीभ, आतलं झुंबर म्हणजे पडजीभ, झाडं हात, तळातली भट्टी काळीज. पडजिभेला लोंबकळलं की घर ओकतं आणि पोरं बाहेर! भाचा इतका हसला की उचकी लागली. पण नीट बघा, हा विनोद मर्फीच्या विनोदासारखा आपल्याला भीतीतून बाहेर काढत नाही. तो घराच्याच शरीरातून येतो. हसता हसता आपल्याला घर आणखी पाठ होतं. सिनेमा संपल्यावर मी नकाशा काढला तो दहा मिनिटांत, आणि माझ्या आधी भाचीने तिच्या वहीत काढला होता. दोन्ही नकाशे जवळजवळ सारखे निघाले.

आणि तळघर. तिथे कॉन्स्टन्स आहे, सर्कशीत जाडी बाई म्हणून पिंजऱ्यात ठेवलेली, पोरांनी वस्तू फेकून मारलेली. नेबरक्रॅकरने तिला तिथून सोडवलं, तिच्यासाठी हे घर बांधायला घेतलं, आणि पोरांच्या त्रासात ती पायात पडून काँक्रीटखाली गाडली गेली. आपल्याकडे पुलाच्या नाहीतर किल्ल्याच्या पायात बळी दिल्याच्या कहाण्या मुबलक आहेत, त्यामुळे आईला यात काहीच विचित्र वाटलं नाही. ती म्हणाली, "मग घर तिचंच ना. ती कशाला जाईल?" म्हातारा पोरांना हाकलत होता तो त्यांना वाचवायला, हे तिने माझ्या बरंच आधी ओळखलं.

मोरी-चाचणी: भाचा पास. म्हणजे सिनेमा पास; भाचा गेलाच नाही. दारात उभा राहून म्हणाला, "मावशी, तू फक्त गालिच्यावर उभी राहा." आमच्याकडे गालिचा नाही, पायपुसणं आहे. मी पायपुसण्यावर उभी राहिले.

तक्रारही लिहिते. घराने गिळलेली माणसं शेवटच्या श्रेयनामावलीत धडधाकट बाहेर येतात. दोन पोलीस, आणि पतंगाच्या आमिषाने गेलेला तो उनाड पोरगा. हे मला लबाडीचं वाटतं. भाचीला मात्र ते हवं होतं. तिने त्या मंडळींचं काय झालं हे अर्धा तास धरून ठेवलं होतं. कदाचित मुलांच्या भयपटात उधारी शेवटी फेडावीच लागते. पण ती आधी चढू द्यावी लागते, आणि केनन चढू देतो. दुसरी तक्रार शेवटच्या वीस मिनिटांची. घर पाया उपटून चालायला लागतं, पोरांच्या मागे धावतं, बांधकामाच्या जागी यंत्र, सुरुंग, धमाल. भीती तिथेच संपली. चालणाऱ्या घराचा नकाशा कुणाला लागतो?

म्हणून ताळेबंदात याला दहापैकी साडेसात. हॉन्टेड मॅन्शनला तीन, त्यातले दोन कोळ्यांचे.

तुलनेसाठी रात्री मुलं झोपल्यावर रॉबर्ट वाइझचा 'द हॉन्टिंग' (१९६३) परत काढला. हा मोठ्यांच्या फळीवरचा, यादीबाहेरचा. पण त्यातही रक्त नाही, भूत दिसत नाही. आवाज, आणि एक फुगणारं दार. दोन वर्षांनी 'साउंड ऑफ म्युझिक' करणारा हाच माणूस. तेव्हा मुलांना चालेल असं केलं म्हणून भीती पातळ होते, हे कारण मी वहीतून खोडलंय.

सातव्यासाठी अजून ठरत नाही. त्याआधी एक काम बाकी आहे: मॉन्स्टर हाउसच्या माझ्या नकाशात तळघराकडे जाणारी वाट पडजिभेच्या डावीकडे आलीय, भाचीच्या नकाशात उजवीकडे. रविवारी तेवढा भाग पुन्हा लावायचा. भाचा म्हणतो त्याला बघायचा नाही, पण तो दारात उभा राहील.