मिंटी म्हणजे नेमकं कसं?

इंग्लंडमध्ये ‘मिंटी’ हा शब्द सतत कानावर पडतो. टूथपेस्ट मिंटी, चॉकलेट मिंटी, चहाही मिंटी. नव्याने आलेल्याला वाटतं, पुदिन्याची चव, झालं. पण या एकाच शब्दाखाली इथे दोन वेगळ्या वनस्पती नांदतात.

पहिली स्पिअरमिंट, म्हणजे जवळपास आपला पुदिनाच. हिरवट, किंचित गोडसर वासाचा. रविवारी भाजलेल्या लॅम्बबरोबर जो मिंट सॉस येतो तो याचाच: पानं बारीक चिरायची, त्यात व्हिनेगर आणि साखर. उकडलेल्या मटारांत हीच पानं घातली की ते ‘मिंटेड पीज’ होतात. (एखादा माणूस ‘मिंटेड’ आहे असं कुणी म्हणालं, तर तो गडगंज आहे असं समजा. तो मिंट टांकसाळीतला, त्याचा पानाशी संबंध नाही.)

दुसरी पेपरमिंट, आणि माझा जीव हिच्यात जास्त रमतो. दोन्हींच्या डहाळ्या शेजारी ठेवून पाहा. स्पिअरमिंटचं पान जवळजवळ थेट खोडालाच चिकटलेलं असतं, पेपरमिंटच्या पानाला छोटासा देठ असतो आणि खोडावर बरेचदा जांभळट झाक. पान चुरडलं की वास थेट नाकात चढतो. हा तिच्या तेलातल्या मेंथॉल या द्रव्याचा प्रताप. स्पिअरमिंटमध्ये मेंथॉल अगदी नगण्य, तिचा वास कार्व्होन नावाच्या दुसऱ्या द्रव्याचा. मेंथॉलने तोंडाचं तापमान मुळीच उतरत नाही. थंडी ओळखणारे जे मज्जातंतू असतात, त्यांनाच ते चेतवतं, म्हणून गार वाटतं. पेपरमिंटची गोळी चघळून पाणी प्या, साधं पाणीही बर्फासारखं लागतं.

पेपरमिंट हा स्पिअरमिंट आणि पाणथळ जागी उगवणाऱ्या वॉटरमिंटचा संकर आहे. तिला बी धरत नाही, मुळांच्या धुमाऱ्यांवरच ती पसरते. एकोणिसाव्या शतकात दक्षिण लंडनजवळच्या मिचममध्ये तिची शेती होती, तेल काढायच्या भट्ट्या होत्या. आता तिथे घरंच घरं आहेत, पण ‘ब्लॅक मिचम’ हा वाण अमेरिकेत अजूनही पिकतो. मला याचं फार अप्रूप वाटतं. उत्तरेतल्या केंडल गावाचा ‘मिंट केक’ही पेपरमिंटच्याच तेलाचा. नाव केक, पण ती साखरेची वडी. 1953 मध्ये हिलरी आणि तेनसिंग यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर ती खाल्ली होती.

इकडे शिकायला येणाऱ्यांनी चहा घेताना पाकिटावरचे घटक वाचावेत. नुसतं ‘मिंट’ लिहिलेल्या पाकिटात अनेकदा दोन्ही पानं एकत्र असतात. जेवणानंतर पोट जड झालं असेल तर मी निव्वळ पेपरमिंट घेते, झाकण ठेवून पाच मिनिटं मुरवते. झाकण हवंच, नाहीतर वाफेबरोबर सगळा वास उडून जातो.