कराटेचा ड्रेस आणि कोकणातली हवा

आठवणी बाकीचे मित्र लिहितीलच. शाळेत आता कराटेचा वर्ग चालतो आणि दर जूनमध्ये पालक एकच विचारतात, ड्रेस कुठला घ्यायचा? स्मरणिकेतली माझी जागा त्यालाच देतो.

पहिले दोन महिने काहीच घेऊ नका. सुती टी-शर्ट आणि सैल ट्रॅकपँट पुरते. चेनवाली पँट मात्र नको, आणि खिसे असतील तर शिवून टाका. लाथ अडवताना समोरच्याचं बोट खिशात अडकतं आणि मुरगळतं.

मूल टिकतंय असं दिसलं की गी घ्यावी. आपण ज्याला ‘कराटेचा ड्रेस’ म्हणतो ती गी मुळात ज्युदोकडून आली. ज्युदोत कॉलर-बाही धरून ओढतात, म्हणून त्यांचं कापड जाड विणीचं. कराटेत धरणं कमी, म्हणून कापड पातळ चालतं. दुकानदार ‘जाड म्हणजे टिकाऊ’ म्हणून १२ किंवा १४ औंसाची गी पुढे करतो. औंस म्हणजे एका चौरस यार्ड कापडाचं वजन. ठोसा मारताना जाड गीचा ‘फट्’ आवाज छान येतो हे खरं, पण जुलैत ती दोन दिवसांत वाळत नाही आणि तिसऱ्या दिवशी वर्ग असतो. आपल्याकडे ८ औंसाची, सुती-पॉलिस्टर मिश्र गी बरी. एका भारी गीच्या पैशात दोन हलक्या घेतल्या तर पावसाळा निभतो.

गीवरचा आकडा म्हणजे सेंटिमीटरमधली उंची. १३२ उंचीच्या मुलाला १४० घ्या. शुद्ध सुती असेल तर पहिल्या धुण्यांत आटते, तेही धरून चला. बाही मनगटाच्या पुढे नको, पँट घोट्याच्या खाली नको. लांब झाली तर दुमडून वर सारू नका, दुमडीत बोटं अडकतात. आतून धावदोऱ्याने शिवा, मूल वाढलं की उसवता येते.

घालताना डावी बाजू उजवीवर, मुलगा असो की मुलगी. जपानात उजवी वर फक्त मृताला घालतात. आतले बंद न बांधता नुसत्या बेल्टवर भिस्त ठेवली की दहा मिनिटांत छाती उघडी. पँटला पुढे एक छोटा फासा असतो. तो मागे आला तर पँट उलटी घातली आहे. नाडी त्यातून ओवून मग बांधायची, नाहीतर उडी मारताना पँट घसरते.

बेल्टचा मध्य बेंबीखाली धरा, दोन्ही टोकं मागे नेऊन पुढे आणा. वरचं टोक दोन्ही थरांच्या खालून वर काढा, मग सरळ गाठ. टोकं आडवी बाहेर आली तर गाठ बरोबर. वर-खाली उभी राहिली तर उलटी पडली, ती सुटणारच. होडी बांधणाऱ्या घरातल्या पोरांना हे सांगावं लागत नाही.

मुलींनी आत पांढरा गोल गळ्याचा टी-शर्ट घालावा, अंतर्वस्त्रं सुती आणि हूक नसलेली. ओलं नायलॉन तासभर अंगाला चिकटलं की जांघेत नायटा ठरलेला. कडं, अंगठी, रिंगा, पैंजण घरी ठेवा. कानातल्यावर चिकटपट्टी लावून भागत नाही, फटका बसला की मागची काडी कानामागे घुसतेच. केसांना साधं रबर, धातूची पिन नको. चपला मॅटच्या कडेपर्यंतच.

आता खरी गोष्ट, वाळवणं. घामाची गी प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर राहिली की काळे ठिपके पडतात. बुरशी धाग्यात शिरली की ते जात नाहीत. सुरुवात कॉलरपासून होते, कारण तिथे कापडाचे कितीतरी थर शिवलेले असतात. बाकी सगळं सुकलं तरी ती आत ओलीच राहते. घरी येताच गार पाण्यात काढा, उलटी करून पडवीत दोन्ही बाह्यांतून वेळूची काठी घालून टांगा, रात्री पंखा लावा. सकाळी कॉलर गालाला लावून पाहा. गार लागली तर अजून ओली आहे, इस्त्री फिरवा. लोखंडी हँगर नको, गंज उतरतो.

लाल मातीचा डाग ओला असताना चोळू नका. वाळू द्या, झटका, मग धुवा. क्लोरीनचं ब्लीच तर नकोच. विहिरीच्या पाण्यात लोह असेल तर पांढरी गी ब्लीचने पिवळी पडते. काजूच्या बोंडूच्या रसाचा डाग पडला तर मात्र नाद सोडा, ती गी सरावाला ठेवा.

बेल्ट धुवू नये, धुतला तर कमाई जाते, असं काही वर्गांत सांगतात. घाम त्यालाही लागतोच. वेगळ्या बादलीत, गार पाण्यात धुवा. गीबरोबर टाकलात तर पहिल्याच धुण्यात ती बेल्टच्या रंगाची होईल.