धुळवडीच्या दिवशी आलेला अल्बम

रविवार, १६ मार्च २०२५, रात्री साडेदहा

नखांच्या कडेचा जांभळा रंग अजून जायला तयार नाही, दोनदा बेसन चोळून झालं. उद्या ऑफिस आहे. पण हे आजच लिहून ठेवते, कारण तीन दिवसांत एकाच अल्बमबद्दल माझं मत दोनदा बदललं आणि ते का बदललं हे मला विसरायचं नाहीये.

गुरुवारी रात्री चौकात होळी पेटली, पोट्टे ढोल बडवून राहिले होते, घरात पुरणाचा वास, आणि मी गॅलरीत फोन घेऊन बसलेली, कारण शुक्रवारी सतारवादक अनुष्का शंकरचा, म्हणजे रविशंकरांच्या मुलीचा, नवीन मिनी अल्बम येणार होता. 'चॅप्टर थ्री: वी रिटर्न टू लाइट'. तीन भागांतला शेवटचा. पहिला ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, तो दुपारचा. दुसरा एप्रिल २०२४ मध्ये, तो रात्रीचा. आणि हा पहाटेचा. म्हणजे अकरा महिने मी या पहाटेची वाट पाहून राहिले होते. आपल्याकडे रागाला वेळ असतेच, बाबांनी लहानपणी संध्याकाळी कधी पहाटेचा भैरव लावू दिला नाही, त्यामुळे कुणी तीन अल्बम दुपार, रात्र, पहाट असे रचते म्हटल्यावर मला ते लगेच आपलं वाटलं.

हे मला सापडलं कसं तेही लिहिते. गायिका आरूज आफताबचा 'वल्चर प्रिन्स' २०२१ मध्ये आला, पुढच्या वर्षी तिला ग्रॅमी मिळाला, ग्रॅमी मिळालेली पाकिस्तानची ती पहिली कलाकार, तेव्हा मी तिच्या नादी लागले ती लागलेच. मग दोन वर्षांनी कुठल्या तरी ट्रॅकचे क्रेडिट्स उघडले तर प्रोड्युसर म्हणून तिचं नाव. तोच चॅप्टर वन. मी नवीन अल्बम असेच शोधते, आवडलेल्या रेकॉर्डवर ढोलक कोणी वाजवलं, प्रोड्युस कोणी केलं हे बघायचं आणि त्या माणसाच्या मागे जायचं. अ‍ॅप जे सुचवते ते बहुतेक मी कालच ऐकलेल्यासारखंच असते. क्रेडिट्स मात्र त्या तीन टिंबांच्या आत लपवलेले, तिथे कोणी जात नाही. कॅसेटच्या कागदावर तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, सगळं समोर छापलेलं असायचं.

तर गुरुवारी बारा वाजून गेल्यावर अल्बम दिसला. इअरफोन घातले. खाली ढोल, धूर डोळ्यांत, दिवसभराची थकलेली, ऐकला पूर्ण, आणि लगेच आमच्या ग्रुपवर टाकलं, "चांगला आहे पण ड्रम्स फार आहेत, सतार दबली, चॅप्टर टू जास्त खोल होता." वेळ १२:५२. आमचा ग्रुप चौघांचा आहे, मी, बाबा, माझी भाची आणि ऑफिसातली मैत्रीण. नियम दोनच. पूर्ण ऐकल्याशिवाय बोलायचं नाही आणि दुसऱ्या कोणाचा रिव्ह्यू फॉरवर्ड करायचा नाही. दोन्ही नियम मी पाळले होते तरी ते मत कच्चं होतं हे मला नंतर कळलं.

मैत्रिणीचा सकाळी रिप्लाय, ड्रम्सच तर या अल्बमचा जीव आहेत. या अल्बमवर ड्रम्स सारथी कोरवारचे, आणि ती त्याला आधीपासून ऐकते. हा माणूस अहमदाबाद आणि चेन्नईत वाढलेला, आता लंडनला असतो, तबला शिकलेला आणि ड्रम्सवर बसलेला. तिला ड्रम्समध्ये ठेका ऐकू येतो. मला गुरुवारी फक्त आवाज ऐकू आला होता, आणि अर्धा आवाज तर चौकातल्या ढोलांचा होता!

शुक्रवारी धुळवड. फोन पन्नीत गुंडाळून खिशात, त्यामुळे संगीत वगैरे काही नाही, सकाळी तर्री पोहे, मग रंग, मग दुपारी झोप.

शनिवारी पहाटे साडेपाचला बाबांनी दार वाजवलं. "वर ये." एवढंच. गच्चीवर चटई, छोटा स्पीकर, पाण्याची बाटली. बाबांनी अजून ऐकलाच नव्हता. म्हणाले, "पहाटेचा आहे म्हणतात ना, मग पहाटेच ऐकू." मार्चमध्ये नागपूरची पहाट ही एवढीच काय ती गार वेळ, नऊनंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. समोरच्या कडुनिंबाला नवीन पालवी, तांबूस. प्रतापनगरात त्या वेळी दूधवाल्याची सायकल आणि झाडूचा आवाज सोडला तर काही नसते.

अल्बम सुरू झाला आणि थोड्या वेळात बाबा सरळ बसले. "हा सरोद कोणाचा आहे?" मी क्रेडिट्स काढून वाचलं, आलम खान. अली अकबर खाँसाहेबांचा मुलगा.

बाबा काही बोलले नाहीत. पॉज कर म्हणून हात केला. मग बोलायला लागले आणि दहा मिनिटं बोलत राहिले. रविशंकर आणि अली अकबर दोघेही मैहरच्या बाबा अलाउद्दीन खाँसाहेबांकडे शिकलेले, एक शिष्य आणि एक मुलगा. त्या दोघांची सतार-सरोद जुगलबंदी बाबांनी कॉलेजात असताना एका मित्राच्या घरी रेकॉर्डवर ऐकली होती, धंतोलीत, त्या मित्राचे वडील रेकॉर्डला कोणाला हात लावू देत नसत. १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशसाठी तो मोठा कार्यक्रम झाला त्यात सुरुवातीला हेच दोघे बसले होते, तबल्यावर अल्लारखाँ. आणि आता एकाची मुलगी, दुसऱ्याचा मुलगा. "पोरं वाजवून राहिली," बाबा म्हणाले आणि चष्मा काढून पुसला.

मी हे सगळं गुरुवारी रात्री ऐकलं होतं. नाव माझ्या डोळ्यांसमोरून गेलं होतं. मला सरोद वेगळा ऐकूही आला नव्हता, मी त्याला सतारीचाच एक थर समजून बसले होते!

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून लावला. तोवर भाची डोळे चोळत वर आली, सोळा वर्षांची आहे, तिचं नेहमीचं ऐकणं पूर्ण वेगळं. तिने विचारलं, "आत्या, दोन सतारी आहेत का?" बाबांनी स्वतःचा डावा हात पुढे केला, पालथा, आणि मनगटापासून कोपरापर्यंत उजव्या हाताची बोटं ओढून दाखवली. सतारीला पडदे असतात, मींड घ्यायची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जायचं, तर तार पडद्यावर दाबून बाजूला ओढावी लागते. सरोदला पडदेच नाहीत, खाली स्टीलची गुळगुळीत पट्टी, तार नखाने दाबून सरळ घसरत जायचं. सतारवाल्याच्या बोटाला घट्टा पडते आणि सरोदवाल्याचं नख झिजते. तार छेडायला सतारीला बोटात मिजराब, सरोदला हातात जवा. "आता ऐक, जो सूर घसरत जाते तो कोण आणि जो ताणला जाते तो कोण." भाची डोळे मिटून बसली आणि बोट वर करून सांगायला लागली, आता सरोद, आता सतार, आता दोघं. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा नाही. तिच्या कानामागे हिरवा रंग तसाच होता.

आणि त्या उजेडात ड्रम्स मला वेगळे लागले. गुरुवारी जे अंगावर आल्यासारखं वाटलं होतं ते पहाटे उठवायला आल्यासारखं वाटलं. रात्रीच्या भागानंतर हा भाग असाच हवा होता, खोल नाही, उघडा. मी त्याला चॅप्टर टूच्या मापाने मोजून राहिले होते, तो तर त्या भागाचं उत्तर होता. हे पहिलं बदललेलं मत.

दुसरं आज दुपारी बदललं, थोडं मागे. तिन्ही भाग सलग ऐकले, खोलीत पडदे ओढून, कूलर बंद ठेवून कारण त्याच्या घरघरीत खालचे सूर जातात. तेव्हा एका ठिकाणी मला अजूनही वाटलं की ताल थोडा मागे राहिला असता तर सरोदला जागा मिळाली असती. बाबांना हे पटत नाही. ते म्हणतात, "अगं, जुगलबंदीत जागा मागायची नसते, घ्यायची असते." मैत्रिणीला तर अजिबात पटत नाही. पण आता मला निदान सांगता येते की कुठे खटकलं आणि का. १२:५२ चं माझं मत हे अल्बमचं नव्हतंच, त्या रात्रीचं होतं.

ही घाई कुठून आली कळत नाही. म्हणजे थोडं कळते. जुलै २०१५ पासून जगभर नवीन संगीत शुक्रवारी येते, त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवार, अमेरिकेत मंगळवार असं होतं. आता सगळे एकाच दिवशी ऐकतात, शनिवारपर्यंत सगळ्यांचं बोलून होते आणि पुढच्या शुक्रवारी पुढचं. अ‍ॅपवर तीस सेकंद वाजलं की एक प्ले मोजला जाते, त्यामुळे जे सावकाश उघडते त्याला कोण थांबणार. असा आलाप घेत येणारा अल्बम माझ्यासारखीने पण झोपेत ऐकून निकाल देऊन टाकला, याचं मला खरंच वाईट वाटलं.

बाबांच्या कॅसेटी अजून कपाटात आहेत, सीताबर्डीवरून आणलेल्या. काल जेवण झाल्यावर मी पाच-सहा काढून बघितल्या. प्रत्येकीच्या कागदाच्या आतल्या बाजूला निळ्या बॉलपेनने घेतल्याची तारीख, आणि खाली एखादी ओळ. "बाजू ब आधी ऐकावी." "द्रुत घाईत." एका कागदावर दोन तारखा आहेत. १९८८ ची, समोर "ठीक." आणि त्याखाली वेगळ्या पेनाने १९९३, "तेव्हा समजलं नव्हतं." पाच वर्षांनी माणूस परत आला आणि आपली ओळ न खोडता खाली दुसरी लिहिली. मी बाबांना दाखवलं तर म्हणाले, हो, आई गेली त्या वर्षी लावली होती ती. आजी १९९३ मध्ये गेली. मला तेव्हाची आठवण नाही, पण कॅसेट आठवते, घरात खूप दिवस तीच वाजायची.

मी ग्रुपवरचा माझा गुरुवारचा मेसेज डिलीट करणार होते, केला नाही. त्यालाच रिप्लाय देऊन आत्ता लिहिलं, "शनिवार पहाट, गच्ची. सरोद आलम खानचा आहे, मला आधी ऐकूच आला नव्हता. ड्रम्सबद्दल अर्धं मागे घेते, अर्धं नाही." भाचीने लगेच बदाम पाठवला, म्हणजे अजून जागीच आहे. मैत्रिणीने निळी खूण केली आणि टायपिंग दिसून राहिलं, मग बंद झालं. उद्या सकाळी सुभाष नगरहून मेट्रोत बसले की ती शंकर नगरला चढेल आणि सीताबर्डी येईपर्यंत त्या उरलेल्या अर्ध्यावर भांडेल, म्हणून एक इअरफोन तिच्यासाठी चार्जिंगला लावून ठेवला आहे.