तळ्याच्या चित्रातला 'श'

इंग्लंडमधील प्राथमिक शाळांच्या इतिहासात सुमेर, सिंधू संस्कृती, प्राचीन इजिप्त आणि चीनमधील शांग राजवट यांची ओळख करून देऊन त्यांपैकी एकीचा सखोल अभ्यास करून घेतला जातो. मुलीच्या शाळेने इजिप्त निवडले. सिंधू संस्कृती मागे राहिल्याचे मला वाईट वाटले; परंतु तिची लिपी अजून वाचता आलेली नाही, तर इजिप्तची चित्रलिपी फ्रेंच विद्वान शाम्पोलियोंने १८२२ मध्ये उलगडली असल्याने ती मुलांच्या हाती देता येते, हे कारण मला मान्य आहे.

मान्य नाही तो वर्गात वापरलेला तक्ता. त्यात इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांपुढे एकेक चित्र असते आणि मुले त्यावरून आपले नाव राजांच्या नावाभोवती असायची तशा लांबट चौकटीत लिहितात. माझ्या मुलीच्या नावात 'श' आहे. इंग्रजीत तो दोन अक्षरांनी लिहावा लागतो, म्हणून तक्त्याने तिला 'स' आणि 'ह' यांची दोन चित्रे दिली. वास्तविक इजिप्शियन लिपीत 'श' या ध्वनीसाठी तळ्याचे स्वतंत्र चिन्ह आहे. 'ए' (A) या अक्षरापुढे दिलेले गिधाडही स्वर नसून घशातून उच्चारायचे व्यंजन आहे, कारण ती लिपी स्वर लिहीतच नसे. बाराखडी शिकलेल्या मुलाला व्यंजन आणि त्यावरची मात्रा या वेगळ्या गोष्टी आहेत हे आधीच ठाऊक असते; या बाबतीत आपली मुले पुढे आहेत, असे मी अभिमानाने म्हणेन.

या तक्त्यामुळे लिपीची खरी गंमत मुलांपर्यंत पोहोचतच नाही. घराचे चित्र आणि त्याखाली एक उभी रेघ काढली की 'घर' होते. पण त्याच घरापुढे तोंड आणि चालणारे पाय काढले की 'बाहेर पडणे' होते. तेथे घर केवळ 'प-र' हा ध्वनी देते, तोंड त्यातल्या 'र'ला दुजोरा देते आणि पाय उच्चारले न जाता केवळ अर्थ सांगतात. राजाच्या नावाआधी येणारे बदक आणि सूर्य म्हणजे 'सूर्यदेव रा याचा पुत्र', कारण बदकाचा आणि पुत्राचा ध्वनी सारखाच होता. सात-आठ वर्षांच्या मुलांना हे झेपणार नाही असे येथे मानतात, पण त्याच वयात आपल्याकडे मुले जोडाक्षरे गिरवतात.

तरीही येथील एका गोष्टीचे मला मनापासून कौतुक वाटते. ब्रिटिश म्युझियममध्ये प्रवेश विनामूल्य असल्याने १७९९ मध्ये सापडलेला रोझेटा शिलालेख कोणतेही मूल समोर उभे राहून पाहू शकते, आणि पुरोहितांच्या सभेची एकच घोषणा चित्रलिपी, डेमोटिक (इजिप्तची रोजच्या व्यवहाराची लिपी) आणि ग्रीक अशी तीनदा कोरलेली असल्याने हे कोडे कसे सुटले असेल, ते त्याला पुस्तकाविना कळते. तो शिलालेख इजिप्तमध्ये असायला हवा होता, हेही मी मुलीला तेथेच सांगितले.

नंतर मी वर्गशिक्षिकेला सविस्तर पत्र लिहिले. पालकाने असे काही सुचवले तर आपल्याकडे किती ठिकाणी ऐकून घेतील, याची मला शंका आहे. त्यांनी मात्र पुढच्याच आठवड्यात मुलांना घर, तोंड आणि पाय यांचा खेळ शिकवला आणि माझ्या मुलीने फळ्यावर तळे काढून 'श' दाखवला. मुलींच्या नावाशेवटी बसलेल्या स्त्रीचे चिन्ह येते, हे कळल्यावर वर्गातील मुलींनी आपापली नावे पुन्हा लिहिली. तक्ता अजून भिंतीवर आहे आणि तो काढावा, हे माझे मत कायम आहे.