कूटबद्ध टपालपेटी आणि उघडी पत्रे

‘तुमची पत्रे आम्हालाही वाचता येत नाहीत’ अशी जाहिरात करणाऱ्या एका कूटबद्ध, म्हणजे पत्रे किल्लीशिवाय न वाचता येणाऱ्या सांकेतिक रूपात ठेवणाऱ्या, ईमेल सेवेचे खाते मी पैसे भरून घेतले त्याला आता बरेच महिने झाले. परवा त्यातील पत्रे चाळताना लक्षात आले की, त्याच सेवेच्या दुसऱ्या खात्यावरून आलेले एकही पत्र त्यात नाही. गोष्ट किरकोळ वाटेल, पण त्या जाहिरातीबद्दलच्या माझ्या शंकेचे मूळ तिथेच आहे. पत्र दोन्ही टोकांना बंद राहायचे, तर पाठवणाऱ्याकडेही तशीच सोय असावी लागते. तो जीमेलवरून लिहीत असेल, तर एक प्रत गूगलच्या सर्व्हरवर राहते आणि माझ्या सेवेच्या दारात ते पत्र वाचता येईल अशा स्वरूपातच पोहोचते. सेवा त्यानंतर त्याला कुलूप लावते. कुलूप लावण्याआधी तिने ते पाहिले नाही, एवढे आपण मानून चालायचे.

ही फट केवळ कल्पनेतली नाही. २०२० मध्ये जर्मनीतील टुटानोटा या सेवेला कोलोनच्या न्यायालयाने एका खात्यावर पाळत ठेवण्याची सोय करून देण्याचा आदेश दिला. आधीच कूटबद्ध होऊन पडलेली पत्रे सेवेला उलगडता येत नव्हती, परंतु नव्याने येणारी साधी पत्रे कुलूप लागण्यापूर्वी टिपता येत होती. त्याही आधी, २००७ मध्ये, कॅनडातील हशमेल या अशाच सेवेने न्यायालयीन आदेशानंतर काही ग्राहकांच्या पत्रांचा वाचता येणारा मजकूर दिल्याचे उघड झाले. तिथे कारण वेगळे होते. वापरणाऱ्याला त्रास नको म्हणून कूटबद्ध करण्याचे काम सर्व्हरवर घेतलेले होते, त्यामुळे पासवर्ड क्षणभर का होईना सेवेच्या हाती पडत असे. आजच्या सेवा हे काम ब्राउझरमध्ये करतात हे खरे, पण ते करणारा प्रोग्राम दर वेळी त्यांच्याच सर्व्हरवरून येतो आणि तो कालचाच आहे का, हे तपासून पाहणारा ग्राहक मला तरी अजून भेटलेला नाही.

शिवाय मजकुराइतकेच बोलके असते ते पाकीट. कोणी कोणाला, केव्हा लिहिले हे पत्र पोहोचवण्यासाठी सर्व्हरला कळावेच लागते, आणि पीजीपी या ईमेल कूटबद्ध करण्याच्या प्रचलित पद्धतीच्या नेहमीच्या वापरात विषयाची ओळसुद्धा उघडीच राहते. २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून स्वित्झर्लंडमधील प्रोटॉनमेल या सेवेने फ्रान्समधील एका पर्यावरण कार्यकर्त्याच्या खात्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीची ओळख देणारा क्रमांक, नोंदवून दिला. मजकुराला कोणी हातही लावला नव्हता.

या कंपन्या खोटारड्या आहेत असे मला म्हणायचे नाही. कायद्यापुढे त्यांना झुकावेच लागते; माझी तक्रार त्यांच्या जाहिरातींतील मोठ्या अक्षरांबद्दल आहे. खरोखर नाजूक काही असेल तर मी सिग्नल या संदेश पाठवण्याच्या अ‍ॅपवर लिहितो, कारण तिथे दोन्ही टोके आपोआप बंद असतात. खात्याचे पैसे मात्र यंदाही भरले: माझ्या पत्रांवरून मला जाहिराती दाखवल्या जात नाहीत, आणि तेवढ्यासाठी ती रक्कम मला पटते.